संगे, इंगरला काय उत्तर देऊ?

बडोदे,
8 फेब्रुवारी 2026

प्रिय संगे,

आपल्या डेन्मार्कच्या इंगरचं कार्ड आलं. घरात सांगितलं तर "हो का, छान" म्हणून सगळे आपापल्या कामाला लागले, म्हणून तुला लिहायला बसले. आम्ही सगळे बरे. माझी शुगर ताब्यात आहे, यांची कंबर अधूनमधून कुरकुरते, आई मजेत. झालं.

कार्ड डिसेंबरात टाकलेलं, आता पोचलं. चित्रात तिकडच्या स्कागेन गावची पिवळी घरं, लाल कौलं. एक कोपरा दुमडलाय, खालच्या कडेला मशिनच्या काळ्या रेघा उमटल्यात आणि त्यांच्याखाली तिची शेवटची ओळ अर्धी दडलीय. भिंगाने वाचली. तिच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली लाल टपालपेटी उपटून नेली म्हणे. मग ती अर्धी दडलेली ओळ : यापुढे आपण ईमेल करू या का? आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ईमेलचा पत्ता.

तू बातमी वाचली असशील. डेन्मार्कच्या सरकारी टपालाने 30 डिसेंबर 2025ला शेवटची पत्रं वाटली आणि पत्रांचं काम बंद केलं. 1624 साली चौथ्या ख्रिश्चन राजाने सुरू केलेलं टपाल! 2000 साली तिथे 140 कोटी पत्रं जात होती, 2024 मध्ये 11 कोटी. साध्या पत्राला 29 क्रोनर पडायला लागले होते, म्हणजे आपले साडेतीनशे-चारशे रुपये. आता एक खाजगी कंपनी पत्रं नेते, पण पत्र त्यांच्या दुकानात नेऊन द्यायचं, नाहीतर जादा पैसे भरून घरून उचलायला बोलवायचं. इंगरचं वय आणि तिचे गुडघे बघता तिला दर महिन्याला दुकानापर्यंत चाल म्हणणं जिवावर येतं. आणि ईमेलला हो म्हणणंही जिवावर येतं. हाच तो पेच, आणि तो तुझ्याशिवाय कुणाला कळायचा नाही. मासिकातल्या पेनफ्रेंडच्या पानावरून तिचा पत्ता तूच तर उतरवून दिला होतास.

आणि तिच्या पहिल्याच कार्डावरचं राणीचं तिकीट पाण्यात भिजवून काढलं होतंस तेही तूच! "कार्ड तुझं, तिकीट माझं, हिशेब मिटला." अजून मिटलेला नाही, सांगून ठेवते. तुम्हा तिकीटवाल्यांना कार्ड म्हणजे तिकिटाला चिकटलेली अडचण वाटते. अगं, चित्र, अक्षर, तिकीट आणि शिक्का मिळून ते कार्ड होतं. शिक्का म्हणजे त्याचा जन्मदाखला, आणि तो नेमका अर्धा तिकिटावर असतो! त्या कार्डावर आता एक पांढरा चौकोन आहे आणि शाई पसरून "डियर"चा नुसता ढग झालाय. वहीत नवं कार्ड लावते तेव्हा मी तुला आठवतेच.

असो. ईमेल का नको, ते सांगते. कार्डावर जागा किती? सात-आठ ओळी, त्यातही मी मोठ्या अक्षराची. शिवाय उघडं, वाटेत कुणीही वाचावं. त्यामुळे आम्हा दोघींना एक सवय लागली, थोडक्यात आणि आडून सांगायची. तिचा नवरा गेला सोडून, तर तिने काय लिहिलं असेल? "यंदा बटाटे मी एकटीने लावले." बस. पुढच्या ओळीत समुद्राचं वर्णन. मीही काही विचारलं नाही, नुसतं आपल्या मांडवी दरवाजाचं कार्ड पाठवलं आणि मागे लिहिलं की आमच्याकडे बटाट्यात शेंगदाण्याचं कूट घालतात. पुढच्या कार्डात तिने तसे करून बघितले होते. बाबा गेले तेव्हा मी लिहिलं, "अंगणातली आरामखुर्ची आत घेतली." तिला कळलं. कसं कळलं विचारू नकोस, कळलं. आता ईमेलला जागाच जागा. तिथे पानभर लिहिता येतं, मग लिहावं लागतं, मग मी विचारणार नवरा का गेला, आणि ती विचारणार मुलगा का बोलत नाही. तासाभरात उत्तर आलं नाही की दोघींना चुटपूट. इतकी वर्षं जे सांभाळलं ते एका संध्याकाळी सांडून जाईल अशी भीती वाटते मला.

मोहिनीताई म्हणते, "तुला कार्डंच हवीत ना, ती पोस्टक्रॉसिंगच्या वेबसाइटवरून येतातच की." येतात, आणि त्याचा आनंद मी नाकारत नाही. 2005 साली पोर्तुगालच्या एका मुलाने काय गंमत काढली बघ. पत्ता मागायचा, कार्डावर दिलेला क्रमांक घालायचा, ते पोचलं की तिकडच्याने क्रमांक नोंदवायचा. मग आपला पत्ता तिसऱ्याच कुणाकडे जातो आणि आपल्या दाराशी तैवानचा पाऊस नाहीतर फिनलंडचा बर्फ येऊन पडतो. आपला पोस्टमन आता खालूनच ओरडतो, "बेन, परदेशनो कागळ!" जिना उतरेपर्यंत मी देश ओळखायचा प्रयत्न करते. पण ती माणसं एकदाच भेटतात. त्यांचं मांजर कळतं, आवडती भाजी कळते, आणि रामराम. इंगरला मात्र आपल्या विश्वामित्रीच्या मगरी ठाऊक आहेत. मी पहिल्यांदा लिहिलं की पावसाळ्यात नदीतून मगर रस्त्यावर येते, तर तिला वाटलं मी थट्टा करते. मग 2024च्या पुराचे फोटो तिने तिकडच्या बातम्यांत पाहिले आणि कार्डावर मोठ्या अक्षरांत एकच ओळ आली, "क्षमस्व, मगर खरी होती!" त्या पुरात मी आधी कार्डांचं खोकं माळ्यावर चढवलं आणि मग मिक्सर. हे अजून ऐकवतात. ऐकवू देत.

तुझ्या आजीच्या ट्रंकेतली रविवर्मा प्रेसची कार्डं आठवतात? लक्ष्मीविलासमधली रविवर्म्याची चित्रं बघायला बाईंनी आपल्याला रांगेने नेलं होतं, आणि तू म्हणाली होतीस, यातल्या बायका आमच्या घरी ट्रंकेत आहेत. शकुंतला पायातला काटा काढायचं निमित्त करून मागे बघते, त्या चित्राचं नवं छापलेलं कार्ड मी इंगरला पाठवलं होतं. कथा लिहायला जागा नव्हती. तिचं उलटटपाली विचारणं, "काटा खरंच आहे का?" आता मला सांग, ईमेल असता तर मी अख्खा दुष्यंत सांगून मोकळी झाले असते. कार्डावर मी लिहिलं, "नाही." बरोब्बर तिथे तिला सगळं समजलं.

आम्ही तमिळनाडूला गेलो होतो तेव्हा तरंगमबाडीला मुद्दाम वाट वाकडी केली होती. तिथे डॅनिश लोकांचा डान्सबोर्ग किल्ला आहे, समुद्राला चिकटून. 1620 पासून 1845 पर्यंत गाव त्यांच्याकडे होतं. किल्ला त्याच चौथ्या ख्रिश्चनच्या काळातला, टपालवाल्या राजाचा! त्या गावच्या पोस्टातून, तिथलाच शिक्का मारून घेऊन तिला कार्ड टाकलं. ते तिने फ्रेम करून स्वयंपाकघरात लावलंय, चित्र भिंतीकडे आणि शिक्का बाहेर. तिकिटासकट हं, संगे.

आता मला सुचलेलं सांगते, आणि तू खरं मत दे. इंगर कोपनहेगनला राहते. समोर पाण्यापलीकडे स्वीडनचं मालमो, आणि 2000 सालापासून मधल्या पुलावरून रेल्वे जाते. तिची बहीण मालमोला असते. स्वीडनमध्ये टपाल चालू आहे. तर मी असं लिहू का, की बहिणीकडे जाशील तेव्हा तिथून टाक, वर्षातून दोनदा आलं तरी चालेल, आणि मी मात्र दर महिन्याला पाठवत राहते? माझं कार्ड तिच्यापर्यंत पोचायला तिला कुठे चालावं लागत नाही. का हा माझा हट्ट झाला? ती कदाचित दमली असेल, आणि "ईमेल" हा तिचा "बटाटे मी एकटीने लावले" असेल. ते मला भिंगाने वाचता येत नाहीये.

उत्तरासाठी कार्ड तयार आहे. सूरसागर तलावाचा फोटो रावपुऱ्यातल्या छपाईवाल्याकडून जाड कागदावर काढून घेतलाय. आपल्याकडे बडोद्याची धड कार्डं विकत मिळत नाहीत, हे दुखणं वेगळंच. पत्ता घालून झालाय, डावी बाजू कोरी आहे.

तुझ्या सासूबाई वॉकर सोडून चालायला लागल्या का? ओंकारचं जॉइनिंग झालं ना? त्याला म्हणावं मावशीला पहिल्या पगारातून काही नको, बंगलोरचं एक कार्ड टाक. नागपूरला आता उन्हं चढली असतील, जप.

फोनवर उत्तर देऊ नकोस, मी ऐकणार नाही. पन्नास पैशांचं नाणं आता कुणी घेत नाही, पण पन्नास पैशांचं पोस्टकार्ड अजून नागपूरहून बडोद्याला येतं. एकच शब्द लिहिलास तरी चालेल, "पाठव" किंवा "नको". पंधरा दिवस वाट बघीन, मग मालमोचं लिहून टाकीन.

तुझी,
वर्षा

ता.क. आईने तुझ्यासाठी लिंबाचं गोड लोणचं बाजूला काढलंय. कुणी इकडून तिकडे जाणारं असेल तर कळव.