सोमनाथच्या काकांना, उशिराचे आभार

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचा फोन नंबर माझ्याकडे नाही, म्हणून हे उघड पत्र. भोजनालयात कुणीतरी मोबाइलवर वाचून दाखवेल, अशी आशा आहे.

तुम्हाला मी आठवणार नाही. दर मे महिन्यात १५ ते २२ तारखेला बाबा आमटेंनी कुष्ठमुक्तांसाठी उभारलेल्या सोमनाथ प्रकल्पावरच्या श्रमसंस्कार छावणीला राज्यभरातून पोरंपोरी येतात, त्यातलीच मी एक, पुण्याची. चंद्रपूरचं ऊन काय असतं ते जवळच्या मूल गावी उतरल्यावरच कळलं. घरी सगळ्यांना सांगून निघाले होते, कुष्ठमुक्त लोकांच्या सेवेला चालले आहे म्हणून! आणि इथे तुम्ही लोक १९६७ पासून जमीन कसताय, भात पिकवताय. आमच्या गटाला बांधाचं काम मिळालं आणि मुकादम होतात तुम्ही.

तुमच्या फावड्याच्या दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. बोटं आत वळलेली, त्यामुळे पकड तळव्याची, आणि जोर सगळा पायांचा नि कमरेचा. आम्ही जिममध्ये जाणारे पहिल्या तासातच धापा टाकायला लागलो, तुमचा ताल मोडला नाही. घमेलं काठोकाठ भरून मिरवणाऱ्या पोरांना तुम्ही एवढंच म्हणालात, "अर्धं भर, पण थांबू नको." कौतुक मात्र तुम्ही कुणाचंच केलं नाहीत. त्याचा तेव्हा थोडा राग आला होता, खरं सांगते.

काम संपलं की तुम्ही हातपाय धुऊन सावलीत बसायचात आणि दोन्ही तळवे, मग तळपाय, उलटसुलट करून बारकाईनं बघायचात. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. चहाचा स्टीलचा ग्लास फडक्यात धरायचात. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "मले समजत नाही, म्हणून पाहा लागते." रोग बरा होऊन कित्येक वर्षं झाली होती, पण त्यानं मारलेल्या नसा परत आल्या नाहीत. चटका बसला, काटा घुसला, फोड फुटला, तरी वर्दी देणारं कुणी नाही. जखम चिघळते ती त्यामुळे. बोटं झडतात ती रोगानं, असंच मी तोवर समजत होते; खरं तर बहुतेक वेळा ती अशा न कळलेल्या जखमांनी जातात. मग तुम्ही माझा हात पुढे करायला लावलात. त्यावर फुटलेले फोड होते, मी रुमालाखाली लपवलेले. "तुले समजते, तरी तू पाहत नाही," म्हणालात आणि स्वच्छ पाणी आणायला पाठवलंत.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कुष्ठरोगावर एमडीटी, म्हणजे एकापेक्षा जास्त औषधं एकत्र देण्याची पद्धत, सुचवली, त्यानंतर वेळेवर औषध मिळालेल्यांच्या नसा बऱ्याच वाचल्या. तुमचा आजार त्याच्या आधीचा. हे तुम्ही तक्रार म्हणून नाही, पाऊसपाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगितलं होतंत.

आता आभार कशाचे ते सांगते. माझ्या बाबांना शुगर आहे, बरीच जुनी. पाय बधिर झालेत हे ते कबूल करत नव्हते. गावाकडची माणसं, पाय दाखवायला लाजतात, त्यातून मुलीला! मी तुमची गोष्ट सांगितली आणि रोज रात्री त्यांचे तळपाय बघायला लागले. टाच, बोटांच्या बेचक्या, सगळं. गेल्या पावसाळ्यात चपलेतून वर आलेला एक खिळा तळव्यात रुतलेला सापडला. बाबा दिवसभर त्याच चपलेनं हिंडले होते. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत. आता अंघोळीचं पाणी त्यांनी घेण्याआधी आई किंवा मी कोपरानं बघतो, आणि चपला उलट्या करून झटकल्याशिवाय ते पाय घालत नाहीत. हे कुठल्याही माहितीपत्रकात मिळालं असतं, हो. पण माहितीपत्रक वाचून मी रोज रात्री जमिनीवर बसले नसते.

छावणीनं माणूस बदलतो असं तिथून आलेले सगळे सांगतात. माझं तेवढं मोठं काही झालं नाही. नोकरी तीच, चिडचिडही तीच. पण कुणाला मदत करायची तर आधी नीट बघायचं, एवढी सवय लागली. ऑफिसातही तिचा उपयोग होतो.

यंदा माझा धाकटा मामेभाऊ येतोय. अंगानं दांडगा आहे, बोलतो फार. त्याला तुमच्या गटात घ्या आणि पहिल्या दिवशी त्याचे हात बघा. तो फोड नक्की लपवेल.

तुमची,
पुण्याची एक पोरगी