टॉर्च कोरल वाचलं, आई

हॅम्बुर्ग

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस ना, "ते सोनेरी टोकांचं आज असं मिटून का बसलंय गं?" तुझी नजर अगदी बरोबर होती. माझ्या टँकमधलं ते टॉर्च नावाचं प्रवाळ, म्हणजे टॉर्च कोरल, खरोखरच आजारी पडलं होतं. आता धोका टळलाय. बाबांना कुठल्याही गोष्टीतली एकेक पायरी नीट कळायला हवी असते, म्हणून फोनवर न सांगता सविस्तर लिहितेय.

अशा वेळी पहिला प्रश्न एकच: पाणी बिघडलंय की फक्त हे एक कोरल? पाणी बिघडलं तर टँकमधली सगळीच मिटतात. इथे शेजारची छान फुललेली होती. तरी मोजल्याशिवाय माझं समाधान होत नाही. तापमान 25.5 अंश, खारेपणा लिटरला 35 ग्रॅम, केएच 8 अंश, कॅल्शियम लिटरला 430 मिलिग्रॅम. सगळं जागच्या जागी. बाबा, यातला केएच मी सगळ्यांत जास्त जपते. कोरल आपला चुनखडीचा सांगाडा पाण्यातल्या कार्बोनेटमधून बांधतं, आणि केएचवरून तो साठा कळतो. केएच 8 असो वा 9, फारसं बिघडत नाही. पण एका दिवसात दोन-तीन अंशांनी वरखाली झाला की नाजूक कोरलांचं मांस सुटायला लागतं.

पाणी ठीक निघालं, तेव्हा भिंग घेऊन बसले. तुम्ही ते बघितलंय: एका बुंध्यातून फांद्या फुटलेल्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला एक तोंड, त्याभोवती लांब स्पर्शकांचा झुबका. मिटलेलं तोंड एकच होतं, तेही कडेचं. त्याच्या एका बाजूचं मांस फाटून आतला पांढरा सांगाडा दिसत होता. जखम एकाच बाजूला असेल तर त्या बाजूला कोण राहतं ते बघायचं. तिथे गॅलेक्सिया नावाची दुसऱ्या जातीची कोरल आहे. दिवसा ती गरीब दिसते. रात्री दिवे बंद झाल्यावर लाल बॅटरीच्या उजेडात बघितलं, तर तिचे पारदर्शक, दोऱ्यासारखे स्पर्शक प्रवाहाबरोबर थेट टॉर्चपर्यंत पोचत होते. कोरलं जागेसाठी अशीच भांडतात, डंख मारून शेजाऱ्याला मागे रेटतात. समुद्रातही हेच चालतं.

सकाळी जखमेवर तपकिरी बुळबुळीत थर आला होता. याला ब्राउन जेली म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात सिलिएट नावाचे एकपेशीय जीव वळवळताना दिसतात, बॅक्टेरियाही असतात, आणि वास कुजलेल्या मासळीचा. हे एका रात्रीत अख्खं तोंड खातं आणि त्याचा तुकडा वाहत दुसऱ्या तोंडावर बसला तर तेही जातं. म्हणून आधी सगळे पंप बंद केले. बारीक नळीने तो थर बादलीत ओढून घेतला, ते पाणी फेकून दिलं आणि मगच कोरल बाहेर काढलं. या जातीत प्रत्येक तोंडाचं मांस वेगळं असतं, खाली फक्त सांगाडा जोडलेला, म्हणून एक कापून बाकीची वाचवता येतात. मांसाच्या बरंच खाली, उघड्या सांगाड्यावर कटर लावला आणि ते तोंड टाकून दिलं. हातमोजे आणि चष्मा घातला होता, आई, काळजी करू नकोस.

उरलेल्या कोरलाला टँकच्याच पाण्यात लुगोल घालून पंधरा मिनिटं बुडवलं, पाण्याला फिक्या चहाचा रंग येईल एवढंच. लुगोल म्हणजे आयोडीनच. पण लहानपणी तू आमच्या गुडघ्यांना लावायचीस त्या टिंक्चरमध्ये अल्कोहोल असतं, ते इथे अजिबात चालत नाही. मग स्वच्छ खाऱ्या पाण्यात विसळून वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवलं. तिथे हीटर, हलका प्रवाह, मंद दिवा. दिवा मंद का, तर कोरलच्या मांसात राहणारं सूक्ष्म शैवाल उजेडात त्याच्यासाठी अन्न तयार करतं, पण आजारपणात प्रखर उजेड त्या दोघांनाही सोसत नाही.

अँटिबायोटिक का नाही दिलं, असं बाबा नक्की विचारतील. काही जण देतात. पण नेमका कुठला जंतू हे माहीत नसताना अंदाजाने औषध ओतणं मला पटत नाही. शिवाय टँकमधला अमोनिया संपवणारे बॅक्टेरियाही त्यात मरू शकतात. बाबा, सर्दी झाली की तुम्ही केमिस्टकडून मागच्याच गोळ्या आणता, त्याबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. आधी डॉक्टरांना दाखवा.

दुसऱ्या दिवशी आणखी एका तोंडावर थर दिसला, तेही कापावं लागलं. मला रडू आलं, खरंच. त्यानंतर मात्र काही पसरलं नाही. आता उरलेली तोंडं दुपारपर्यंत पूर्ण उघडतात आणि कालपासून मायसिस कोळंबीचे तुकडे खायला लागली आहेत. गॅलेक्सिया दुसऱ्या टोकाला नेलीय, पंपाचं तोंडही फिरवलंय.

बाबा, मागे तुम्ही विचारलं होतंत, हे पाळणं गुन्हा नाही का? भारतात आहेच, कठीण सांगाड्याची प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि मालवणला तर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. ते तसंच हवं. माझ्याकडचा प्रत्येक तुकडा इथल्याच कुणाच्या तरी टँकमध्ये वाढलेला आहे आणि त्याचे कागद मी जपून ठेवलेत. पण हे आजारपण काढताना सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीची प्रवाळं सारखी आठवत होती. इथे पाणी एक अंशाने तापलं की मी पंखा लावते. तिथे समुद्र तापला की ती आतलं शैवाल गमावून पांढरी पडतात, आणि पाणी वेळेत निवलं नाही तर मरतात.

मे महिन्यात याल तेव्हा मी दिवसभर ऑफिसात असेन. आई, सकाळी दिवे लागल्यावर तासाभराने एकदा आणि जेवणानंतर एकदा बघत जा. एखादं तोंड दुपारीही मिटलेलं असेल, कुठे पांढरं किंवा तपकिरी दिसलं, तर फोटो काढून लगेच पाठव. बाबा, पाण्यात हात घालू नका. काही कोरलांचं विष माणसालाही बाधतं. थर्मामीटरचा आकडा वहीत लिहिलात तरी मला मोठी मदत होईल.

व्हिसाचे कागद या आठवड्यात पाठवते. आणि बाबा, ती सर्दी अजून असेल तर उद्याच डॉक्टरांकडे जा.

तुमची,
लेक