पहिले क्रेडिट कार्ड आणि ‘शक्यतो’ मराठी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सांगलीच्या एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात एकतीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झाले. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या मुलांनी पहिली नोकरी लागल्यावर पैशाच्या व्यवहाराबद्दल मला काही विचारणे, हे आता नेहमीचेच झाले आहे. मात्र गेल्या काही वर्षांत या प्रश्नांचा रोख बदलला आहे. पूर्वी विचारणा होई ती जामीनदार कोण घ्यावा याची; आता मुले विचारतात, ‘सिबिल कसा वाढवायचा?’ त्या प्रश्नाला पहिले क्रेडिट कार्ड हे एक उत्तर आहे, आणि ते चुकीचेही नाही; पण ज्या पद्धतीने आणि ज्या भाषेत ते मुलांच्या हाती पडते, त्याविषयी थोडे सविस्तर लिहावे असे वाटल्याने हा पत्रप्रपंच.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की मुलांची गरज खरी आहे. ‘सिबिल’ हे मुळात २००० साली स्थापन झालेल्या एका संस्थेचे नाव. तिच्याखेरीज एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन संस्था आपल्या देशात कर्जफेडीच्या नोंदी ठेवतात. तरी वनस्पती तुपाला जसे आपण सरसकट ‘डालडा’ या एकाच ब्रँडचे नाव दिले, तसे या नोंदींवरून ठरणाऱ्या ३०० ते ९०० या दरम्यानच्या पतगुणांकाला आपल्याकडे ‘सिबिल’ हेच नाव पडले आहे. पीककर्जाच्या निमित्ताने हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला आणि शेतकऱ्यांकडे सिबिल मागू नका, असे राज्याच्या मुख्यमंत्र्यांना बँकांना बजावावे लागले, इतका तो आता रोजच्या बोलण्यातला झाला आहे. ज्याने कधीच कर्ज घेतलेले नाही, त्याच्या नावापुढे गुणांक नसतो. तो वाईट ठरत नाही, पण चांगलाही ठरत नाही. केवळ पूर्वीची नोंद नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे असले, तरी ज्याची नोंद आहे त्याचे काम लवकर होते, हे बँकेच्या खिडकीच्या आत बसून आयुष्य काढलेल्या कोणीही सांगेल.

यातली विसंगती मात्र मला अजूनही खुपते. आमच्या भागात भिशीचा हप्ता कधी चुकवला नाही, वाण्याच्या वहीतली उधारी पगाराच्या दिवशी मिटवली, गावातल्या पतसंस्थेचे कर्ज मुदतीआधी फेडले, अशी हजारो घरे आहेत. भिशीची आणि वाण्याच्या वहीची नोंद या चार संस्थांकडे जात नाही; बऱ्याच लहान पतसंस्थांचीही जात नाही. तीन पिढ्या ज्या घराची पत गावाने मान्य केली, त्या घरातला मुलगा पुण्यात नोकरीला गेला की कागदावर बिनपतीचा ठरतो. अशा मुलाला स्वतःच्या नावावर नोंद उभी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे क्रेडिट कार्ड, कारण ते नीट वापरले तर त्यावर व्याज म्हणून एक रुपयाही द्यावा लागत नाही. म्हणूनच ‘कार्ड घेऊच नकोस’ असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांशी मी सहमत नाही. अडचण आहे ती ‘नीट’ या शब्दात.

आमच्या शेजारची एक तेवीस वर्षांची मुलगी हिंजवडीत नोकरी करते. गेल्या दिवाळीत घरी आली असता ती मला म्हणाली, “काकू, मी दर महिन्याला तारखेच्या आधी पैसे भरते, एकदाही चुकले नाही, तरी बाकी हलतच नाही.” तिने वीस हजारांचा मोबाइल कार्डावर घेतला होता आणि त्यानंतर शहाणपणाने दुसरी खरेदीही केली नव्हती. विवरणपत्रावर ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ (किमान देय रक्कम) म्हणून जो आकडा येई, तो ती इमानेइतबारे भरत होती. आठ महिन्यांत तिने पावणेआठ हजारांच्या आसपास रक्कम भरली होती आणि बाकी अजूनही साडेअठरा हजारांच्या वर होती.

हिशेब अवघड नाही. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरले, तर वीस हजारांवर महिन्याचे व्याज ७०० रुपये होते. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी १२६ रुपये. किमान रक्कम पाच टक्के धरली तर ती १,००० रुपये. म्हणजे हजारातले ८२६ रुपये व्याज आणि करातच गेले आणि मुद्दल फिटले अवघे १७४ रुपये. वर्षाला ४० टक्क्यांच्या घरात जाणारे हे व्याज आमच्या बँकेत कोणा कर्जदाराला लावले असते, तर वार्षिक सभेत सभासदांनी आम्हाला उभे केले असते. पण कार्डांच्या बाबतीत हा दर बेकायदेशीर नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये रद्द केला. व्याजाची मर्यादा ठरवणे हा बँकांचा आणि त्यांच्या नियामकाचा प्रांत आहे, असा त्याचा अर्थ. तेव्हा दराबद्दल तक्रार करण्यात मी शाई घालवत नाही.

मला विचार करायला लावले ते त्या मुलीच्या पुढच्या वाक्याने. ती म्हणाली, “पण मला वाटलं, हा हप्ताच आहे.” तिच्या जागी मी असते, तर मलाही तसेच वाटले असते. ज्या घरात तिचे वडील दर महिन्याच्या दहा तारखेला पतसंस्थेत पासबुक घेऊन जातात, त्या घरात ठरलेल्या तारखेला मागितलेली रक्कम म्हणजे हप्ता, आणि हप्ते संपले की कर्ज संपते. आपल्या भाषेत आणि आपल्या व्यवहारात ‘एवढे भरलेत तर थकबाकीदार म्हणणार नाही, पण कर्ज मात्र वर्षानुवर्षे फिटणार नाही’ अशा रकमेला शब्दच नाही, कारण अशी रक्कम आपण कधी कोणाकडून मागितली नाही. इंग्रजीतला तो शब्द वाचणारी ही मुलगी अभियंता आहे. तिला इंग्रजी येत नाही असे नव्हे. तिने तो शब्द वाचला आणि मनातल्या मनात त्याचे मराठी केले, आणि ते मराठी चुकले.

याचा दुसरा परिणाम तिला ठाऊकच नव्हता. पूर्ण रक्कम भरली नाही की व्याजमुक्त मुदत, म्हणजे खरेदीपासून देय तारखेपर्यंतचे बिनव्याजी दिवस, थांबते. मग उरलेल्या रकमेवर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते आणि त्यानंतर केलेल्या नव्या खरेदीलाही ती सवलत राहत नाही. तिने वाटेत रोजचे किराणा सामान कार्डावर घेतले असते, तर त्या तूरडाळीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढले असते. कार्डाने एटीएममधून पैसे काढणाऱ्यांना तर ही मुदत मुळातच मिळत नाही, शिवाय वेगळे शुल्क पडते ते निराळेच.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट आणि डेबिट कार्डांबाबत जे निर्देश काढले, ते कार्डधारकाच्या दृष्टीने चांगले आहेत. न मागता कार्ड माथी मारण्यास त्यांत मनाई आहे. कार्ड घेऊन तीस दिवसांत सुरू केले नाही, तर ग्राहकाची ओटीपीने संमती घ्यावी आणि ती न मिळाल्यास खाते बंद करावे, असे त्यांत आहे. काही देणे बाकी नसताना ग्राहकाने कार्ड बंद करायला सांगितले आणि सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद केले नाही, तर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा आहे. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाल्याशिवाय ‘थकीत’ अशी नोंद त्या चार संस्थांकडे पाठवता येत नाही. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबेल, हा इशारा विवरणपत्रावर असलाच पाहिजे, हेही त्यांत आहे. तो त्या मुलीच्या विवरणपत्रावर होता, दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत, इंग्रजीत. याच निर्देशांत कार्डाच्या अटी सोप्या भाषेत, ‘शक्यतो’ इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत द्याव्यात असे म्हटले आहे. माझे सगळे म्हणणे या ‘शक्यतो’ भोवती आहे. सरकारी कागदावर ‘शक्यतो’ असे लिहिले की ते होत नाही, हे सांगायला मला कुठल्या आकडेवारीची गरज वाटत नाही. माझ्याकडे आजवर सल्ल्यासाठी आलेल्या एकाही मुलाच्या हाती मी मराठीतले विवरणपत्र पाहिलेले नाही.

गंमत अशी की कार्ड विकताना मात्र मराठी बरोबर येते. मॉलच्या दारात, कंपनीच्या उपाहारगृहाबाहेर टेबल टाकून बसलेला मुलगा “दादा, सही करा, लाइफटाइम फ्री आहे” हे अगदी शुद्ध मराठीत सांगतो. भाषा बदलते ती सही झाल्यानंतर.

माझ्या भाच्याची गोष्टही इथे सांगते, कारण ती न वापरलेल्या कार्डाची आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याने अशाच एका टेबलावर कार्ड घेतले, एकदा वापरून सुरू केले, पैसे भरले आणि ते कपाटात टाकले. दुसऱ्या वर्षापासून त्याला ४९९ रुपये वार्षिक शुल्क होते, करासह ५८९. तोवर तो बेंगळुरूला गेला होता आणि त्याचा मोबाइल क्रमांक बदलला होता. गृहकर्जासाठी अर्ज केला तेव्हा त्याला कळले, की त्या शुल्काची, त्यावरच्या विलंबशुल्काची आणि व्याजाची मिळून थकबाकी त्याच्या नावावर बसली आहे. वसुलीवाल्याने त्याला ‘सेटलमेंट’ सुचवली. थोडी सूट मिळते म्हणून तो तयारही झाला होता. मी त्याला फोनवरून थांबवले, कारण तडजोडीने मिटवलेले खाते नोंदीत ‘सेटल्ड’ म्हणूनच राहते आणि कर्ज देणारा ते ‘पूर्ण फेडले नाही’ असेच वाचतो. त्याने सगळी रक्कम भरली, थकबाकी नसल्याचा दाखला घेतला आणि मग त्या संस्थांकडच्या आपल्या पतअहवालातल्या दुरुस्तीसाठी अर्ज केला. अशी तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४पासून लागू आहे, हे त्यालाही माहीत नव्हते आणि, खरे सांगायचे तर, शोधाशोध करेपर्यंत मलाही नव्हते.

मला विचारायला येणाऱ्या मुलांना मी जे सांगते, ते असे. पहिले कार्ड पैसे मिळवण्याचे साधन नाही. ते नोंद मिळवण्याचे साधन आहे. त्यामुळे त्यावर एकच ठरलेला खर्च टाकावा, मोबाइलचे रिचार्ज किंवा विजेचे बिल, म्हणजे जो खर्च कार्ड नसतानाही झालाच असता. आणि बचत खात्यातून ‘पूर्ण रक्कम’ आपोआप वळती होण्याची सूचना बँकेला द्यावी. ही सूचना देताना ‘किमान रक्कम’ असाही पर्याय समोर येतो, तिथे बोट चुकू देऊ नये. कार्डाच्या खर्चमर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत वापर ठेवलेला बरा, कारण मर्यादा काठोकाठ वापरणारा माणूस ओढगस्तीत आहे असा अर्थ काढला जातो. एकाच आठवड्यात चार बँकांकडे अर्ज करू नयेत. प्रत्येक अर्जागणिक चौकशीची नोंद होते आणि तिने गुणांक घटू शकतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने मात्र गुणांक कमी होत नाही, आणि चारही संस्थांनी वर्षातून एकदा तो पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे.

ज्यांचा पगार अजून सुरू व्हायचा आहे किंवा ज्यांचा अर्ज नामंजूर झाला आहे, त्यांच्यासाठी मुदत ठेवीवरचे कार्ड मला सर्वांत योग्य वाटते. पंधरा-वीस हजारांची ठेव ठेवायची, तिच्यावर व्याज मिळत राहते, आणि त्या ठेवीच्या तारणावर तेवढ्याच किंवा थोड्या कमी मर्यादेचे कार्ड मिळते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३मध्ये विनातारण कर्जांसाठी (साधे कार्डही त्यातच आले) बँकांना जास्त भांडवल राखायला लावले, म्हणजे अशी कर्जे त्यांना महाग पडू लागली; तेव्हापासून पहिल्या कार्डासाठी हा दरवाजा अधिक उपयोगाचा झाला आहे. वडिलांच्या कार्डावर मुलाच्या नावाचे पुरवणी कार्ड घेणे ही सोय आहे, पण त्याच्या परतफेडीची जबाबदारी वडिलांची. मुलाची स्वतःची पत त्यातून उभी राहील असे समजू नये. आणि साधारण सहा महिने धीर धरावा. जानेवारी २०२५पासून नोंदी निदान पंधरा दिवसांतून एकदा पाठवल्या जात असल्या, तरी पत म्हणजे काही पंधरा दिवसांत पिकणारी मेथी नव्हे.

पण माझ्यासारख्या निवृत्तांनी ओट्यावर बसून किती जणांना सांगावे? म्हणून आपल्या दैनिकाच्या माध्यमातून दोन मागण्या मांडते. कार्डाच्या अटी आणि दरमहाचे विवरणपत्र ग्राहकाने अर्जात निवडलेल्या भाषेत देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक करावे, त्यातला ‘शक्यतो’ काढून टाकावा. आणि विवरणपत्राच्या पहिल्याच पानावर, किमान रकमेच्या आकड्याच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत, ‘एवढेच भरल्यास यातले इतके रुपये व्याज व करात जातील आणि इतके रुपये मुद्दलात जमा होतील’ असे त्या त्या ग्राहकाचे आकडे घालून छापावे. जो संगणक व्याजाचा पैसा न् पैसा मोजतो, त्याला ही वजाबाकी जड जाऊ नये.

त्या मुलीने दिवाळीनंतर आपली आवर्ती ठेव मोडून कार्डाची सगळी बाकी एकदम भरली. कार्ड तिने बंद केलेले नाही. त्यावर आता फक्त तिच्या आईच्या मोबाइलचे रिचार्ज होते.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली