‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द यंत्रापर्यंत धड पोहोचू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये ‘महाअ‍ॅग्री-एआय’ हे शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचे धोरण मंजूर करून त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. शेतकऱ्याने मराठीत प्रश्न विचारावा आणि यंत्राने मराठीतच उत्तर द्यावे, ही त्यामागची अपेक्षा मला मनापासून पटते. मात्र यंत्राला मराठी शिकवण्याचे जे संशोधन सध्या चालू आहे, त्यात एक अगदी मुळाशी असलेली गोष्ट दुर्लक्षित राहते आहे. मी तीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले आहे, त्यामुळे ती माझ्या नजरेतून सुटत नाही.

‘शेतकऱ्यांसाठी’ हाच शब्द घ्यावा. यातला ‘ऱ्य’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एक तर खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन, त्याचा पाय मोडून पुढे ‘य’ लिहायचा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर हा ‘ऱ’ ‘र’च्याच कळीवर शिफ्टसह मिळतो. नाहीतर साधा ‘र’ घेऊन त्याचा पाय मोडायचा, त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर नावाचे डोळ्यांना न दिसणारे चिन्ह घालायचे आणि मग ‘य’ लिहायचा. संगणकात अक्षरे साठवण्याच्या युनिकोड या जागतिक मानकाला दोन्ही पद्धती मान्य आहेत आणि पडद्यावर दोन्हींत काडीचाही फरक दिसत नाही. यंत्राच्या लेखी मात्र पहिला शब्द १३ चिन्हांचा आणि दुसरा १४ चिन्हांचा, म्हणजे दोन वेगळे शब्द होतात. त्यात भर म्हणजे, इंटरनेटवरून गोळा केलेला मजकूर यंत्राला देण्यापूर्वी जेव्हा साफ केला जातो, तेव्हा न दिसणारी चिन्हे बऱ्याचदा कचरा समजून काढून टाकली जातात आणि मागे ‘शेतकर्यांसाठी’ असा शब्द उरतो. हिंदीत रफार आणि हा अर्धा ‘र’ असा भेदच नसल्यामुळे हिंदीवर तपासलेल्या साधनात हा दोष उघडकीस येत नाही. नेपाळी भाषकांना मात्र तो आपल्यासारखाच भोगावा लागतो.

हा केवळ शुद्धलेखनाचा आग्रह नाही. घरगुती समारंभांविषयीच्या एका जुन्या पुस्तकाचे संगणकीकरण चालू असताना त्याची मुद्रिते माझ्याकडे आली होती. मूळ पानावर ‘आचाऱ्यास आदल्या दिवशी शिधा मोजून द्यावा’ असे स्वच्छ छापलेले होते आणि यंत्राने वाचलेल्या प्रतीत तिथे ‘आचार्यास’ आले होते. स्वयंपाक करणाऱ्याच्या जागी गुरुजी आले आणि वाक्य तरीही व्याकरणाला धरून राहिले, त्यामुळे कोणत्याही शुद्धलेखन तपासनिसाने तिथे लाल रेघ ओढली नाही. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांचीही तीच गत होते. अशी वाक्ये लाखांनी पोटात गेल्यावर यंत्र त्यांतून कोणता अर्थ शिकणार, हा प्रश्न संशोधनाच्या गाभ्याचा आहे.

मोठ्या कंपन्यांच्या संशोधकांकडूनही या बाबतीत चूक झालेली आहे. गूगलने २०१८ साली शंभराहून अधिक भाषांसाठी बर्ट नावाचे भाषा-प्रारूप (मजकुरातून भाषा शिकणारी संगणकप्रणाली) खुले केले आणि त्यात मराठीचा समावेश होता. त्याच्या पहिल्या बहुभाषिक आवृत्तीत अक्षरांवरची जोडचिन्हे काढून टाकण्याची एक पायरी होती. फ्रेंच शब्दातल्या अक्षरावरची तिरपी रेघ काढली तरी शब्द बहुधा ओळखता येतो, पण त्याच नियमाने देवनागरीतले उकार, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडल्याची खूण गळून पडते, काना, वेलांटी यांसारख्या खुणा तेवढ्या शिल्लक राहतात. आपल्या शब्दाचे तिथे ‘शतकरयासाठी’ होत असे. पुढे गूगलनेच ही पायरी वगळलेली आवृत्ती काढून तीच वापरण्याची शिफारस केली, हे त्यांच्या प्रांजळपणाचे लक्षण आहे. पण एखाद्या मराठी वाचकाने पहिल्याच दिवशी दहा शब्द डोळ्यांखालून घातले असते, तर हा दोष तिथल्या तिथे पकडला गेला असता.

खर्चाचा मुद्दाही याला लागूनच येतो. युटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत साध्या रोमन अक्षराला एक बाइट (संगणकातील साठवणीचे एकक) लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, म्हणजे ‘शेतकऱ्यांसाठी’ हा एक शब्द ३९ बाइटचा होतो. भाषा-प्रारूपे मजकुराचे टोकन नावाचे तुकडे करतात आणि वारंवार भेटणाऱ्या अक्षरजोड्यांचा एकेक तुकडा बनवतात. ज्या भाषेचा मजकूर थोडा, तिचे शब्द अधिक तुकड्यांत फुटतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले, की एकाच आशयासाठी लागणाऱ्या तुकड्यांच्या संख्येत भाषाभाषांत १५ पटींपर्यंत तफावत पडू शकते. अशा प्रारूपांच्या सेवेचे पैसे सहसा तुकड्यांच्या हिशेबाने आकारले जात असल्यामुळे ही तफावत थेट खिशाला भिडते. त्यात मराठीचे प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, आणि एकच शब्द जर दोन-तीन प्रकारे साठवलेला असेल, तर यंत्राला तो वारंवार भेटतच नाही.

मराठीत काम होत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. पुण्यातल्या एल३क्यूब या गटाने, रविराज जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून, २०२२ मध्ये सुमारे २ कोटी ४८ लाख मराठी वाक्यांचा संग्रह सर्वांसाठी खुला केला. व्यक्ती, स्थळे, संस्था यांची नावे ओळखायला यंत्राला शिकवता यावे म्हणून त्यांनी २५ हजार वाक्ये माणसांकडून खुणा करून घेऊन तयार केली. आयआयटी मुंबईत मराठी शब्दजाल (शब्दांचे अर्थ आणि परस्परसंबंध नोंदवणारा संगणकीय कोश) उभे राहिले, आयआयटी मद्रासच्या एआय४भारतने २०२३ मध्ये २२ अनुसूचित भाषांसाठी अनुवादाचे प्रारूप खुले केले. या मंडळींना उणीव भासते ती नीट तपासलेल्या मजकुराची, आणि तो पुरवणे आपल्या हातात आहे.

म्हणून दोन मागण्या मांडतो. शासनाने २००९ च्या आणि नंतर २०२२ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमाला व अक्षरांची वळणे निश्चित केली. त्याच धर्तीवर ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ साठवण्याची एकच पद्धत सर्व कार्यालयांना, पाठ्यपुस्तकांना आणि सरकारी निधीतून होणाऱ्या प्रत्येक संशोधनाला बंधनकारक करावी. टिंबवाल्या ‘ऱ’ची पद्धत मला अधिक सुरक्षित वाटते, कारण तिच्यात न दिसणारे चिन्ह नाही. टिंब काढून टाकणारी साधने आहेतच, पण हरवलेले टिंब मुद्रितशोधकाला शोधता तरी येते.

दुसरी मागणी अशी, की या ५०० कोटींतला एक ठरावीक वाटा मजकूर तपासणाऱ्या माणसांसाठी राखून ठेवावा. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांची मराठी प्रकाशने युनिकोडमध्ये आणून ती मुद्रितशोधकांच्या हातून जाऊ द्यावीत, आणि त्या कामाची मजुरी संगणक-अभियंत्याच्या वेतनाप्रमाणेच प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात दाखवावी. सल्ला देणारे कोणतेही यंत्र गावात पाठवण्यापूर्वी त्या-त्या भागातल्या शेतकऱ्यांच्या तोंडच्या शब्दांवर त्याची परीक्षा घ्यावी. विदर्भात कपाशीला पऱ्हाटी म्हणतात. अकोल्याच्या शेतकऱ्याने पऱ्हाटीवरच्या बोंडअळीबद्दल विचारले असता यंत्राला तो शब्द कळतो का, हे त्या शेतकऱ्याला समोर बसवून पाहावे आणि आलेला निकाल जाहीर करावा.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक, सातारा