किंमत नको, उपचाराचा खर्च द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमची ठमी ही रस्त्यावरून उचलून आणलेली गावठी कुत्री. वजन जेमतेम नऊ किलो. गेल्या महिन्यात संध्याकाळी तिला साखळीला धरून गल्लीतून नेत होते. शेजारच्या बंगल्याचं फाटक उघडं होतं. आतला रॉटवायलर धावत आला, त्यानं तिला पाठीला धरलं आणि गदागदा हलवलं. त्यांच्या माळ्यानं त्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं तेव्हा कुठे त्यानं तोंड सोडलं.

मी निवृत्त परिचारिका आहे. जखमा आयुष्यभर पाहिल्या, म्हणून हे मुद्दाम लिहिते. ठमीच्या पाठीवर दातांची बारीक भोकं तेवढी दिसत होती, रक्तही फार नव्हतं. पण डॉक्टरांनी केस भादरून, भूल देऊन जखम उघडली तेव्हा आत कातडी स्नायूंपासून सुटली होती आणि खालचं मांस चेचलं होतं. मोठं कुत्रं लहान जनावराला धरून झटके देतं तेव्हा असंच होतं. ज्यांच्या जनावराला असा चावा बसेल त्यांनी हळद लावून सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री दवाखाना गाठावा, जखमेचे फोटो काढावेत आणि प्रत्येक बिल जपून ठेवावं.

एक्स-रे, भूल, शस्त्रक्रिया, जखमेत घातलेली नळी, प्रतिजैविकं, ड्रेसिंग असा सगळा खर्च 21,650 रुपये झाला. रेबीजची लस ठमीला दरवर्षी देतो, तरी ती पुन्हा द्यावी लागली. समोरच्यांनी त्यांच्या कुत्र्याच्या लसीचा दाखला दाखवलाच नाही. बिलं घेऊन गेले तेव्हा उत्तर मिळालं, "सिस्टर, गावठी कुत्रं ते. एवढ्या पैशात जातिवंत पिल्लू येईल. हवं तर मी आणून देतो."

मला पिल्लू नको आहे. ठमी जिवंत आहे, तिला वाचवायला जो खर्च आला तो हवा आहे. कुत्र्याच्या बाजारभावावर भरपाई ठरवायची असेल तर रस्त्यावरून आणलेल्या जनावराची भरपाई शून्य होते, आणि त्याचं फाडलेलं अंग शिवणं ही जणू माझी हौस ठरते. जुन्या भारतीय दंड संहितेत जनावराला ठार किंवा जायबंदी करण्याच्या कलमात दहा रुपये, पन्नास रुपये अशी जनावराची किंमत लिहिलेली असे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मधून ती किंमत गेली. ते कलम जाणूनबुजून केलेल्या कृत्यासाठी आहे, आमच्या शेजाऱ्यांना ते लावा असं मी म्हणत नाही. पण कायद्यानं भाव विचारणं सोडलं, ते आपणही सोडावं.

पोलिस ठाण्यात अर्ज घेतला गेला, पण "माणसाला चावलं असतं तर बघितलं असतं, आपसांत मिटवा" असं सांगून मला परत पाठवलं. त्याच संहितेचं कलम 291 सांगतं की आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये इतपत खबरदारी न घेणं हाच गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड. चावा बसेपर्यंत थांबा, असं त्यात कुठेही नाही. ज्या गल्लीत संध्याकाळी लहान मुलं सायकली फिरवतात तिथे हे फाटक उघडं होतं. साखळीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

जातींवर बंदी घाला, असंही माझं म्हणणं नाही. मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 जातींबाबत काढलेलं परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने महिन्याभरातच रद्द केलं. रॉटवायलरचा राग मला येत नाही, त्याला कुणी शिकवलं नाही आणि फिरवायलाही नेत नाहीत. प्रश्न मालकाच्या जबाबदारीचा आहे. नोएडा प्राधिकरणाने मार्च 2023 पासून नियम केला की पाळीव कुत्र्यामुळे अपघात घडल्यास मालकाला 10,000 रुपये दंड, शिवाय जखमी माणसाच्या किंवा जनावराच्या उपचाराचा खर्चही त्याच्याकडेच. 'किंवा जनावराच्या' हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. आपल्या सांगली, मिरज आणि कुपवाड महानगरपालिकेने असा नियम करावा आणि कुत्र्याच्या परवान्याबरोबर विमा सक्तीचा करावा. आपल्याकडे मिळणाऱ्या काही श्वान-विम्यांत आपल्या कुत्र्याने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाईही धरलेली असते. तसा विमा असता तर शेजाऱ्यांशी बोलणं बंद होण्याची वेळ आली नसती.

तोवर दिवाणी दावा हा मार्ग आहेच, पण एवढ्या रकमेसाठी वकील परवडत नाही म्हणून बहुतेक लोक गप्प बसतात. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि दावा दाखल होण्याआधीही प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. तिथे दोघांच्या संमतीने झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो. मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करत आहे. शेजाऱ्यांनी तिथे यावं, एवढीच विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज