माथेरानची परतीची रांग

संपादक महोदय,

मुलाबाळांसह एका दिवसात माथेरान करायचे तर कर्जत किंवा खोपोली लोकलच पकडावी. बदलापूर लोकल नेरळच्या आधीच संपते. नेरळहून शेअर टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते, पुढे मोटारींना बंदी. तिथल्या अमन लॉज स्थानकावरून सुटणारी मिनी ट्रेनची शटल चुकली, तर बाजारपेठेपर्यंत सुमारे अडीच किलोमीटर रुळांच्या कडेने खडी आणि तांबडी माती तुडवायची. चाकांची बॅग इथे निव्वळ ओझे. खाऊ पाठपिशवीत ठेवावा. हातातल्या पिशवीवर माकडे झडप घालतातच. खरी गोची परतीची. रविवारी संध्याकाळी सगळे एकदम खाली निघतात, टॅक्सीची रांग लांबते. म्हणून चारलाच दस्तुरी गाठावी. शटलचे वेळापत्रक नेरळच्या फलाटावर ठळक लावावे, ही रेल्वेला विनंती.

— एक वाचक, डोंबिवली