पाच मिनिटं बसायला एक खुर्ची : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य, यांस
सविनय नमस्कार.

मी निवृत्त परिचारिका. उत्तर गोव्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत माझी तीसेक वर्षं गेली. आता डिचोलीत घरी असते. शेजारपाजारचे लोक अजून बीपी बघायला येतात. मी आधी त्यांना खुर्चीत टेकून बसवते आणि पाच मिनिटं गप्प राहायला सांगते. नोकरीत असताना मला हे क्वचितच जमलं, आणि त्याचं एक ओझं मनावर आहे.

श्रावणातली सकाळ होती. साठी उलटलेली एक बाई पहिल्या बसने उतरून, पावसात चढण चढून केंद्रावर आली. केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत, छत्रीतून पाणी गळतंय, पाठीमागे चाळीसभर माणसांची रांग. मी तिला उभ्यानेच जवळ बोलावलं, ओल्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, हात खाली लोंबता ठेवून बीपी घेतलं आणि कागदावर लिहिलं : १६८ वर ९४. डॉक्टरांनी माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून बीपीची दुसरी गोळी वाढवली. त्यांनी दुसरं काय करायचं होतं? ती शेजारणीला म्हणायची, ‘माथें घुंवता’, म्हणजे चक्कर येते. पंधरा दिवसांनी पहाटे अंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मी तिला इस्पितळात भेटायला गेले तेव्हा खाटेवर आडवी असताना तिचं वरचं बीपी ११० होतं आणि उठवून बसवल्यावर ८६. ती गोळीमुळेच पडली, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तो १६८ चा आकडा माझ्या हाताने लिहिलेला होता, आणि तो खरा नव्हता असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे. चढण चढून आलेल्या माणसाचं लगेच घेतलेलं बीपी जास्तच येतं, लोंबत्या हातात तर आणखी जास्त. हे आम्हाला शिकवलेलं असतं. फक्त त्यासाठी वेळ आणि जागा कोणी देत नाही.

मंत्रिमहोदय, २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा ‘इंडियाब’ अभ्यास प्रसिद्ध झाला. देशभरातल्या १ लाख १३ हजारांवर प्रौढांची तपासणी त्यात झाली. मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात निघालं : २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. देशातल्या प्रौढांपैकी ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे, हेही त्यातच आलं. वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले, भाषणं झाली. पण गोव्यात चारातल्या एकाला मधुमेह असेल, तर त्याच्यावरचा उपचार कितपत लागू पडतो, सहा महिन्यांनी किती जणांची साखर आणि बीपी आटोक्यात असतात, किती जण गोळी खाऊन चक्कर येऊन पडतात? मी ज्या केंद्रांत काम केलं तिथल्या रजिस्टरांत रोज किती गोळ्या वाटल्या ते सापडायचं. माणसाचं पुढे काय झालं, त्याचा रकानाच नव्हता.

डॉक्टर ज्या मोठ्या अभ्यासांचा हवाला देतात त्यांतल्या एकाबद्दल मी निवृत्तीनंतर सावकाश वाचलं. २०१५ सालचा अमेरिकेतला ‘स्प्रिंट’ अभ्यास, ९३६१ माणसांवरचा. वरचं बीपी १२० च्या खाली ठेवलं तर हृदयाचे गंभीर आजार आणि मृत्यू कमी होतात, असा त्याचा निष्कर्ष. त्यात बीपी कसं मोजलं होतं? माणूस आधी पाच मिनिटं शांत बसलेला, मशीनने आपोआप तीन वेळा मोजणी, आणि तिन्हींची सरासरी. तिथला १२० आणि आमच्या रांगेतला १२० एक कसा असेल? शिवाय त्या अभ्यासात मधुमेही घेतलेच नव्हते, आणि आमच्याकडे दोन्ही आजार एकाच केसपेपरवर असलेली माणसं रोज यायची.

मधुमेह्यांवर वेगळे अभ्यास झाले. २०१० सालच्या ‘अकॉर्ड’मध्ये ४७३३ जण होते. बीपी १२० खाली नेल्याने पक्षाघात कमी झाले, पण हृदयविकार, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून पाहिले तर ठोस फरक दिसला नाही. मग २०२४ साली चीनमध्ये १२ हजारांवर मधुमेह्यांवर अभ्यास झाला, आणि त्यात मात्र फायदा दिसला. तज्ज्ञांचं अजून एकमत व्हायचंय, तोवर मये-साखळीच्या सत्तरीतल्या आजोबांचं बीपी कुठवर खाली न्यायचं? याचं उत्तर आपल्याच माणसांत शोधावं लागेल.

साखरेचंही तसंच. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण लोहाच्या कमतरतेने रक्त कमी झालं असेल, तर हा आकडा उगाच वाढलेला येऊ शकतो. आपल्या बायकांत रक्तक्षय किती आहे, ते कोणत्याही सिस्टरला विचारा.

हे काम आपल्याला झेपणार नाही, असं कोणी म्हणेल. गोव्यातच ते झालेलं आहे. नैराश्य आणि चिंतेच्या आजारांवर आपल्या १२ सरकारी आरोग्य केंद्रांत आणि १२ खासगी दवाखान्यांत ‘मानस’ नावाचा मोठा अभ्यास झाला. २०१० साली तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि जगाने वाचला. डॉक्टर नसलेल्या, खास शिकवलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रुग्णांना आधार दिला, आणि सरकारी केंद्रांत त्याचा स्पष्ट फायदा दिसला. खासगीत तेवढा दिसला नाही. आमच्या सरकारी केंद्रांची ताकद मोजून दाखवणारा असा दाखला मी तोवर पाहिला नव्हता. मन भरून आलं होतं.

आणि दोडामार्गाच्या पलीकडे बघा. २०१७ साली सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्रातून निवडलेल्या पहिल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता. प्रत्येक रुग्णाचं कार्ड, ठरलेल्या क्रमाने औषध, आणि दर तिमाहीला हिशेब : किती जणांचं बीपी १४० वर ९० च्या आत आलं. तिथली माणसं मोठ्या आजारात आपल्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळात येतात. आपण त्यांच्याकडून हा हिशेब घ्यावा.

माझी मागणी एवढीच. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन आणि सामाजिक वैद्यक विभागांना पाच-सहा आरोग्य केंद्रं द्या. निम्म्या केंद्रांत बीपी नीट, बसवून, तीनदा मोजलं जावं. उरलेल्या निम्म्यांत आज चालतं तसं चालू दे. वर्षभर दोन्हीकडची माणसं नावानिशी धरून ठेवा : कोणाची गोळी वाढली, कोण पडलं, कोणाला पक्षाघात झाला, कोण मध्येच यायचं थांबलं. संमतीपत्र मराठी-कोंकणीत असू द्या आणि ते वाचून दाखवा. अंगठा घेऊन मोकळं होऊ नका. निकाल वाईट निघाला तरी छापा. प्रत्येक केंद्राला फक्त या कामासाठी एक सिस्टर द्या, कारण लस, सलाईन आणि रजिस्टर सांभाळून हे होत नाही. ते मी स्वतः करून पाहिलं आहे.

आणि चवथीच्या आधी एवढं करा : प्रत्येक केंद्रात पाठ असलेली एक खुर्ची, कोपर टेकायला टेबल, आणि जाड दंडासाठी मोठा पट्टा. लहान पट्टा जाड दंडावर बांधला तर बीपी खोटं वाढतं, आणि आमच्या काळात केंद्रात एकाच मापाचा पट्टा असायचा.

जागा नाही, असं तुम्हाला सांगतील. मी ज्या केंद्रातून निवृत्त झाले तिथे ती आहे. औषधांच्या खिडकीशेजारी, पाण्याच्या पिंपाच्या अलीकडे, एक खुर्ची आणि छोटं टेबल मावेल एवढी. कोणी आलं तर मी येऊन दाखवीन.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
डिचोली